पिवळ्या चिंधीची पिशवी

"खरं सांग, आमच्या अक्षताचं कुणासंगं होतं?" शिवूनं विचारलं.

"माझ्यासंगं," सई म्हणाली.

सोलापूरच्या एसटी स्टँडवर, फलाटाच्या टोकाला, गोपाळच्या टपरीपुढं तेव्हा बरीच माणसं गोळा झाली होती. पाण्याच्या बाटल्या, पेपर, चिक्की, बिस्किटाचे पुडे विकणारी साधी टपरी. शिवूच्या हातातली बाटली तशीच तिरकी राहिली आणि पाणी त्याच्या बुटावर सांडत राहिलं.

मग त्याच्याबरोबर करकंबहून आलेला एक दोस्त फिसकन हसला. "कुणाला विचारायलायस बे? ती तसलीच हाय." त्यानं डोक्यापाशी बोट फिरवलं. मग बाकीचेही हसले. ज्याची बहीण नाहीशी झालेली तो शिवूसुद्धा कसंनुसं हसला आणि लहान लेकराला समजवावं तसं म्हणाला, "तसं न्हाई गं बाई. एखादा पोरगा. मोटरसायकलवाला, कॉलेजातला. असं कुणी?"

"पोरगा न्हाई. मीच."

"बरं बरं. तूच."

शिवू उठून गेला. गोपाळ, सईचा बाप, तोही गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता हसतच होता. पोरगी खोटं बोलत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण खरं असंही असतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

गोपाळ मूळचा केमचा. सईची आई गेल्यावर गाव आणि शेताचा तुकडा भावाच्या हवाली करून तो पोरीला घेऊन सोलापुरात आला. सई बोलायला लागली उशिरा, आणि लागली ती खरंच बोलायला लागली. शाळेत बाईंनी विचारलं, कविता आवडली का? ही म्हणाली, न्हाई, लई लांब हाय. एकदा गोपाळची चुलतबहीण दारात येऊन गळ्यात पडायला गेली, "ओळखलंस का गं मला?" सई दोन पावलं मागं सरली. "न्हाई. पण मागच्या खेपेला तुमी गेल्यावर अण्णा म्हणाले, सुटलो." चुलतबहीण त्यानंतर गोपाळचा उंबरा चढली नाही. गोपाळ हे स्वतःच सांगायचा आणि खो खो हसायचा.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असा शब्द सांगितला. "रोग हाय का बाई?" गोपाळनं घाबरून विचारलं. "रोग नाही हो, घडणच अशी आहे," बाई म्हणाल्या. ते "घडण" गोपाळनं गाठीला बांधून घेतलं. सई भर उन्हाळ्यात कानटोपी का घालते, बसचा हॉर्न वाजला की भिंतीला पाठ का लावते, तोंडाकडं बघून का बोलत नाही, असं कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "घडणच तशी हाय तिची." खाण्याचंही तसंच. एकाला एक लागलेलं तिला चालायचं नाही. भाकरी कोरडी, भात कोरडा, शेंगदाणे नुसते. भाकरीला आमटीचा थेंब लागला तरी तिचं अंग शहारायचं, घास बाहेर यायचा.

पोरगी विशीला आली. बाप टपरी बघायचा, ती डबे बघायची.

हे डबे म्हणजे गावाकडच्या आयांचं काम. पोरं शहरात शिकायला, खोली करून राहिलेली. मेस परवडत नाही आणि मानवतही नाही. मग आई सकाळच्या गाडीला डबा देते. कंडक्टर तो ड्रायव्हरच्या पाठीमागं ठेवतो, सोलापुरात उतरवतो. पोरं येतात, भरला डबा नेतात, कालचा रिकामा ठेवतात. परतीच्या गाडीनं रिकामा डबा गावाला. सोलापूरच्या स्टँडवर हे डबे गोपाळच्या बाकड्यावर उतरायचे. पिशव्या सगळ्या सारख्याच, खताच्या नाहीतर साडीच्या दुकानाच्या. म्हणून प्रत्येक आई आपल्या पिशवीच्या बंदाला काहीतरी खूण बांधते. कुणाची लाल दोरी, कुणाचं जुनं बटण. सई त्या पिशव्या गाडीच्या रस्त्यावर जसजशी गावं लागतात तशा ओळीनं मांडायची. ओळ कुणी मोडली की तिचा चेहरा पडायचा.

अक्षताच्या पिशवीला पिवळी चिंधी असायची. तिची आई महानंदा हिच्या जुन्या लुगड्याची. आत स्टीलचा डबा, झाकणावर ठोकून घातलेलं नाव, सौ. महानंदा. अक्षता करकंबची, सोलापुरात बी.एस्सी.ला. बाकीची पोरं डबा उचलून पळायची. ही टपरीमागं सावलीत बसून तिथंच खायची. भाकरीवर शेंगाची चटणी थापलेली, वर कच्चं तेल, त्याची गुंडाळी करून दोन्ही हातांनी.

"घे की गं," पहिल्या दिवशी ती सईला म्हणाली.

"चटणी लागलीय."

असं ऐकलं की माणसं म्हणायची, अगं त्याला काय होतंय, किंवा हसायची. अक्षतानं भाकरी उलटीसुलटी करून बघितली, चटणी न लागलेली कड शोधून मोडली आणि पुढं धरली. दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत डब्याच्या वर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली एक वेगळी भाकरी आली, कोरडी. "आईला सांगितलं," अक्षता म्हणाली, "एक भाकरी वेगळी ठेव, तिला कशाचाच हात लावू नकोस." आईनं का ते विचारलं नाही. त्या दिवसापासून पांढरं फडकं कधी चुकलं नाही.

वर्षभर त्या दोघी असं एका डब्यात वेगवेगळं जेवल्या. हॉर्न वाजला की अक्षता सईच्या खांद्यावर हात दाबायची. "हलकं नको," सई सांगायची, "हलकं टोचतं. घट्ट." मग अक्षता घट्ट दाबायची. एकदा तिनं विचारलं, "सई, दोन पोरी नवराबायकोगत एका घरात राहिल्या, तर तुला कसं वाटंल?"

सईनं विचार केला. "भांडी कोण घासंल?"

"मी."

"मग चालंल."

अक्षता हसता हसता रडायला लागली. हिला हसू आलंय का रडू, ते सईला कळेना. तिनं आपणहून अक्षताच्या खांद्यावर हात ठेवला. घट्ट.

मग टेंभुर्णीचं स्थळ आलं. बाप नसल्यानं घरात शब्द थोरल्या भावाचा. शिवू कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. नवरा मुलगा त्याच्या ओळखीतला, दोन ट्रॅक्टरचा मालक. शिवूनं परस्पर हो म्हटलं आणि सुपारीही फोडली. "तू काय म्हणालीस?" सईनं विचारलं. "मला विचारलंच न्हाई कुणी," अक्षता म्हणाली. "मी नको म्हणाले तर शिवा म्हणाला, नको म्हणायला दुसरं कोण हाय ते सांग, त्याचे पाय मोडून येतो."

त्यानंतर एक दिवस करकंबचा डबा आला आणि बाकड्यावर तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशीचा त्याच्या शेजारी. मग डबे यायचेच बंद झाले. अक्षता खोलीवर नव्हती, कॉलेजात नव्हती, फोन बंद होता. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगी आहे, तक्रार घेतो, बघतो. शिवू ट्रॅक्टर सोडून सोलापूरला खेटे घालायला लागला.

सई रोज त्या ओळीत करकंबची जागा मोकळी ठेवायची. कुणी तिथं दुसरी पिशवी सरकवली की उचलून बाजूला ठेवायची. ती जेवणं विसरली. अक्षतानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. जाते म्हणाली नव्हती, येते म्हणाली नव्हती. गोपाळला वाटलं, मैत्रीण गेली, पोर हिरमुसली.

एक दिवस शिवू आईला घेऊन आला. महानंदा बाकड्यावर बसली, पदर तोंडात धरून रडली. बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शिवूचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि तो मटकन खालीच बसला. शहराबाहेरच्या एका खाणीच्या पाण्यात पोरीचं प्रेत सापडलं होतं. वय तेवढंच. ओळख पटवायला या, म्हणाले.

पेपर घ्यायला आलेली बाई "अगं आई गं" म्हणून भिंतीला टेकली. आणि महानंदा तशीच बसून राहिली.

"माझी न्हाई ती," ती म्हणाली.

"आई, चल."

"माझी न्हाई म्हणते की." मग हळूच, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "कुणाची असंल रं ती? कुणाची असंल?" आणि आता ती रडायला लागली, मघापेक्षा वेगळी, आवाज न करता.

शिवू एकटाच गेला. ती दुसरीच कुणी होती. आईचं काळीज सांगतं म्हणे, असं लोक मागून म्हणाले. गोपाळलाही तसंच वाटलं. पण जाताना महानंदानं आपल्या पिशवीतून पांढरं फडकं काढलं होतं आणि सईच्या हातात दिलं होतं. "खा गं. कोरडीच हाय." जिची पोरगी नाहीशी झालीय ती बाई सकाळी उठून दुसऱ्याच्या पोरीसाठी भाकरी थापते, हे त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"काकू, अक्षता मेली का?" सईनं विचारलं होतं.

"गप गं पोरी!" गोपाळ ओरडला.

महानंदा मात्र चिडली नाही. सईकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "तू लई खरं बोलतीस गं बाई," एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

ऊस संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. अशाच एका दुपारी टेंभुर्णीची गाडी लागली, करकंब आणि पंढरपूर करून येणारी. नेहमीचा कंडक्टर रजेवर होता. बदलीवर आलेल्या पोरानं सगळ्या पिशव्या दोन हातांत उचलल्या, बाकड्यावर आदळल्या. "मामा, डबे!" म्हणून तो तोंड धुवायला पळाला.

गोपाळ चहाला गेलेला. सई ओळ लावायला बसली आणि तिचा हात हवेतच थांबला.

पिवळी चिंधी.

तिनं पिशवी मांडीवर घेतली. डबा काढला. झाकणावर सौ. महानंदा. पेरूच्या झाडाखाली सावलीत बसलेला एक म्हातारा नंतर सांगत होता की पोरीचा चेहरा असा पांढरा पडला, मला वाटलं डब्यात साप हाय. तिनं झाकण उघडलं. वर पांढरं फडकं नव्हतं. भाकऱ्या चटणी थापून, तेल सोडून, गुंडाळून ठेवलेल्या. शेजारी गुळाचा खडा.

सईच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली, ओळीतल्या पिशव्यांसारखी. शिवू चटणी खात नाही, त्याला पित्ताचा त्रास, अक्षताच सांगायची. अशी गुंडाळी अक्षताच खाते. पांढरं फडकं नाही, म्हणजे जेवताना तिच्यापाशी सई नाही, हे डबा भरणाऱ्या बाईला माहीत आहे. भाकरी आजची, म्हणजे अक्षता आज जिवंत आहे. आणि महानंदाकाकूला हे सगळं माहीत आहे. प्रेताचा फोन आला तेव्हाही माहीत होतं. सगळ्यांदेखत ती इथं, ह्याच बाकड्यावर बसून रडली.

कुणी तोंडावर एक आणि मनात एक ठेवू शकतं, हे तिनं ऐकलं होतं. बघितलं आत्ता.

"काय तंगी, करकंबची एक पिशवी हितं आलीय काय?"

समोर वीरभद्रप्पा उभा होता, अक्कलकोटच्या गाडीचा कंडक्टर. कन्नड बोलणारा, जाडजूड मिशांचा, सई लहान असल्यापासून तिला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणणारा माणूस. "रोज त्या गाडीतनं माझ्या गाडीत येते. पिवळी चिंधी. आज त्या नव्या पोरानं घोटाळा केला बघ. हां, हीच की!"

"अक्कलकोटला कोण घेतं?" सईनं विचारलं.

"एक पोरगी येते की. तोंडाला ओढणी बांधून. औषधाच्या दुकानात कामाला हाय वाटतं. कालचा रिकामा डबा देती, आजचा भरला नेती. रिकामा डबा मी परत टेंभुर्णीच्या गाडीत टाकतो. तिची आई मला काय म्हणाली माहीत हाय? फोन करता येत न्हाई आण्णा, पोराच्या हातात असतो फोन. रिकामा डबा आला की समजते, पोरगी जेवली." तो बोलता बोलता थांबला. इतकं आपण हिला का सांगतोय असं त्याला वाटलं असावं. "दे इकडं. गाडी भरली माझी."

सईनं पिशवी पुढं केली. वीरभद्रप्पानं बंदात बोटं घातली. आणि त्याच्या खांद्यावरून सईला दिसलं, फाटकातून अण्णा येत होते, हातात चहाचा ग्लास, आणि त्यांच्या शेजारी शिवू.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. सई त्या वेळी घाबरली ती शिवूला नाही. ती स्वतःला घाबरली. अक्षतानं आपल्याला का सांगितलं नाही, महानंदाकाकू तोंड उघडून का गप्प झाली, हे तिला त्याच क्षणी कळलं. सईला विचारलं की सई सांगते. म्हणून सईला सांगायचं नाही. आता सईला कळलंय, आणि विचारणारा चालत येतोय. ती पिवळी चिंधी त्याच्या आईच्या लुगड्याची, तो डबा त्याच्या घरातला. अक्कलकोटच्या कंडक्टरच्या हातात तो दिसला की संपलं.

तिनं हिसका देऊन पिशवी परत ओढली.

"येनव्वा इदू?" वीरभद्रप्पा चकित होऊन म्हणाला. हे काय गं बाई?

सई खाली बसली. डबा मांडीत घेतला, चटणीनं लालभडक झालेली एक गुंडाळी उचलली आणि तोंडात कोंबली.

तेल तिच्या हनुवटीवरून ओघळलं. तिखट डोळ्यांत चढलं. तिचं सगळं अंग थरथरायला लागलं, खांदे कानांपर्यंत गेले. घास वर यायला लागला. तिनं तोंडावर हात घट्ट दाबला, घट्ट, आणि गिळला. दुसरा घास घेतला.

गोपाळच्या हातातला ग्लास फलाटावर पडून फुटला.

वीस वर्षांत त्यानं ह्या पोरीला काय काय भरवून बघितलं होतं. रडून, ओरडून, नवस बोलून. भाकरीला थेंब लागला तर उपाशी झोपणारी ही पोर, चटणीनं माखलेली भाकरी डोळ्यांतून पाणी गाळत चावत होती.

"हा आईचा डबा," शिवू म्हणाला. तो वाकला, झाकण उचललं, नावावरून बोट फिरवलं. "हा हितं कसा?"

"गाडीतनं आला," सई म्हणाली.

"आज?"

"आज."

वीरभद्रप्पानं एकदा शिवूकडं, एकदा पोरीकडं बघितलं. जन्मभर लोकांची तोंडं बघून तिकीट फाडणारा माणूस. तो टपरीकडं वळला आणि लागत नसलेला पेपर चाळायला लागला.

"आई आजून डबा पाठवती?" शिवू म्हणाला. "अक्षता न्हाई तरी?"

"रोज पाठवती."

"अन् कोण खातं?"

सईनं आणखी एक घास तोंडात घातला. चावला. शिवू वाट बघत उभा होता. गोपाळला वाटलं, ही आता काहीतरी सांगणार, आणि काय ते आपल्याला झेपणार नाही. सई शिवूच्या बुटांकडं बघत होती. घास गिळून झाला.

"मी खायलीय की," ती म्हणाली.

हे खरंच होतं. सगळ्यांना दिसत होतं.

शिवू बाकड्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा आडदांड गडी, पाठ हलायला लागली त्याची. "मामा," तो गोपाळला म्हणाला, "आईचं डोस्कं फिरलंय. पोरगी न्हाई अन् ही बाई रोज डबा भरती. मला पत्ता न्हाई. मी शेतात गेलो की गाडीला देत असणार." त्यानं नाक पुसलं. "घरी गेल्यावर सांगतो तिला. उद्यापासनं बंद कर म्हणतो हे येड्यागत."

वीरभद्रप्पाच्या हातातला पेपर हलायचा थांबला.

"मग मी काय खाऊ?" सई म्हणाली.

शिवूनं वर बघितलं. तेलानं माखलेलं तोंड, लाल डोळे, डोक्यावर कानटोपी. हिनं त्या दिवशी "माझ्यासंगं" म्हटलं होतं आणि आपण हसलो होतो, हे त्याला आठवलं का, कुणास ठाऊक. त्यानं तोंड फिरवलं.

"खा," तो म्हणाला. "तू खा. सांगतो आईला, वाया जात न्हाई म्हणून. तेवढंच तिला बरं वाटंल."

तो पंढरपूरच्या गाडीत बसून गेला तेव्हा कुठं सई उठली, टपरीमागं गेली आणि सगळं ओकून टाकलं. गोपाळनं पाणी दिलं. चूळ भरून ती तशीच भिंतीला पाठ लावून बसली. गोपाळला बरंच काही विचारायचं होतं, पण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर त्याला आधीच मिळालेलं होतं. सगळ्या फलाटादेखत. मोठ्यानं. आणि तो सुटे पैसे देत हसला होता.

"सई, तू त्या दिवशी शिवूला जे म्हणालीस," तो अडखळला. "ते खरंच?"

"मी खरंच बोलती."

गोपाळ खाली बसला. पोरीला कोण करून घेईल, आपल्यामागं तिचं कोण, ह्याचा घोर त्यानं वर्षानुवर्षं वाहिला होता. आणि इथं, त्याच्याच टपरीमागं, कुणीतरी तिच्यासाठी भाकरीची कोरडी कड शोधत होतं. हे चांगलं झालं का वाईट, हे त्याला कळेना. केमला कळलं तर लोक तोंडात शेण घालतील, हे मात्र लगेच कळलं. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागला.

"मामा, पाच मिनिटं थांबवलीय गाडी," वीरभद्रप्पा येऊन म्हणाला. "ती पोरगी उभी असंल तिकडं."

महानंदाचा डबा सईनं शिवूपुढं रिकामा केला होता. गोपाळ उठला. टपरीच्या फळीखालून त्यानं आपला स्वतःचा डबा काढला, सकाळी त्यानंच रांधलेला वरणभात आणि मेथी. पिशवीत घातला. ओढाताणीत सुटून पडलेली पिवळी चिंधी उचलून बंदाला बांधली. गाठ सैल बसली.

"हे अक्कलकोटला द्या," तो म्हणाला. "मीठ कमी असंल म्हणावं."

गाडी गेली. फलाटावर नुसता धुरळा उरला.

"अण्णा," सई म्हणाली, "आज त्यानं अक्षता कुटं हाय असं विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

गोपाळनं आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "अगं... अन् पुढं कधी विचारलं तर?"

सईनं ह्यावर आधीच विचार करून ठेवलेला दिसत होता. "तर मी घास घेईन. तोंडात घास असला की बोलता येत न्हाई."

अंधार पडायच्या आत अक्कलकोटची परतीची गाडी आली. वीरभद्रप्पानं पिशवी नुसती वर धरून दाखवली आणि बाकड्यावर ठेवली. आत गोपाळचाच डबा, तिथल्या तिथं खाऊन रिकामा, घासून लख्ख केलेला. बंदाला पिवळी चिंधी होतीच, पण गाठ गोपाळची नव्हती. ही अशी घट्ट मारलेली की त्याच्या नखांनी सुटेना. तो दात लावायला गेला.

"राहू दे," सई म्हणाली. तिनं गाठीवर अंगठा दाबून धरला आणि हॉर्न वाजला तरी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या गाडीनं करकंबची पिशवी आली. ह्या खेपेला कंडक्टर नेहमीचा होता, पण त्यानं ती अक्कलकोटच्या गाडीकडं नेली नाही, सरळ बाकड्यावर आणून ठेवली. "महानंदाबाईंनी सांगितलंय, हितंच द्या म्हणून. पोरगा स्वतः आला होता गाडीवर, पिशवी द्यायला."

"शिवू? शिवूनं दिली?" गोपाळ म्हणाला.

सईनं पिशवी सोडली. खाली डबा होता, चटणीच्या गुंडाळ्या, गुळाचा खडा. आणि डब्याच्या वर, कशाला काही लागू न देता, पांढरं फडकं.

तिनं फडकं आपल्या मांडीवर घेतलं. डबा परत पिशवीत घातला, चिंधी घट्ट बांधली, आणि अक्कलकोटची गाडी लागायची वाट बघत फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहिली.